उंदरांवरची शस्त्रक्रिया : भूल कशी देतात, वेदना कशी थांबवतात?

हाडं ठिसूळ होण्यावर, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसवर, औषध शोधणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये एक शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं होत आली आहे. मादी उंदराचे दोन्ही अंडाशय काढून टाकायचे. पाठीच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खाली जेमतेम सेंटिमीटरभराचा छेद घ्यायचा, अंडाशय बाहेर ओढून खालची नळी बांधायची, कापायचं, स्नायूला टाका, कातडीला क्लिप. हात बसलेला माणूस १५-२० मिनिटांत हे आटोपतो. पुढच्या काही आठवड्यांत इस्ट्रोजेनअभावी हाडांची घनता घसरते आणि रजोनिवृत्तीनंतर बायकांच्या हाडांचं जे होतं त्याचं एक छोटं प्रारूप अभ्यासाला मिळतं.

हा लेख त्या वीस मिनिटांबद्दल आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांबद्दल आहे. उंदराला झोपवणं तसं सोपं. पण झोपलेला उंदीर जिवंत उठवणं आणि उठल्यावर त्याला दुखू न देणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम बऱ्याचदा राहून जातं. त्याची किंमत उंदीर मोजतोच, पण प्रयोगाचे आकडेही मोजतात.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

इंग्रजीत माऊस आणि रॅट हे दोन वेगळे प्राणी. मराठीत आपण दोघांनाही उंदीर म्हणून मोकळे होतो. प्रयोगशाळेत मात्र हा फरक महत्त्वाचा आहे. माऊस साधारण २० ते ३० ग्रॅमचा, तर मोठा रॅट २५० ते ४०० ग्रॅमचा. दोघांचे डोस वेगळे, आणि औषधांवरची प्रतिक्रियाही थोडी वेगळी. त्यामुळे या लेखात जिथे फरक आहे तिथे माऊस आणि रॅट असंच लिहिलं आहे.

दुसरा घोळ जास्त महत्त्वाचा. भूल म्हणजे वेदनाशमन नव्हे. भुलीखाली मेंदूला जाणीव नसते, म्हणून दुखल्याचं कळत नाही. पण कापलेल्या जागेवरून मज्जातंतूंचे संदेश पाठीच्या कण्यापर्यंत जातच असतात, आणि भूल उतरली की सगळा हिशोब एकदम समोर येतो. आयसोफ्लुरेनसारखा वायू बंद केला की उंदीर काही मिनिटांत उठून बसतो. त्या वायूने दिलेलं वेदनाशमन त्यानंतर शून्य. आपल्याकडे सिझेरियननंतर इंजेक्शन उतरलं की काय होतं ते कोणत्याही आईला विचारा.

२५ ग्रॅमचा रुग्ण

पंचवीस ग्रॅम म्हणजे चहाचे साधारण सहा चमचे साखर. एवढ्या शरीरात रक्त किती? किलोमागे अंदाजे ७० ते ८० मिलिलिटर या हिशोबाने दोन मिलिलिटरच्याही आत. अर्धा चमचासुद्धा नाही. त्यातलं ०.२ मिलिलिटर, म्हणजे तीन-चार थेंब, कापसाच्या बोळ्यावर गेले की दहा टक्के रक्त गेलं. माणसाच्या बाबतीत हेच प्रमाण अर्धा लिटर होईल. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी किंवा नंतर कोमट सलाइन अर्धा ते एक मिलिलिटर त्वचेखाली देण्याची पद्धत आहे.

पण रक्तापेक्षा मोठा शत्रू थंडी. शरीर जितकं लहान तितका वजनाच्या मानाने कातडीचा पृष्ठभाग जास्त. माऊसमध्ये हे गुणोत्तर माणसाच्या दहापटीहून अधिक निघतं. जागा असताना तो सतत खाऊन, अंग आखडून, घरटं करून आणि इतरांच्या कुशीत शिरून ऊब टिकवतो. भूल दिली की हे सगळं बंद. वर आपण पोटावरचे केस काढतो, स्पिरिटने पुसतो, वाऱ्यावर ओली कातडी ठेवतो आणि थंड कोरडा ऑक्सिजन देतो. ३७ अंशांच्या आसपास असलेलं शरीराचं तापमान दहा-पंधरा मिनिटांत अनेक अंशांनी खाली येऊ शकतं. थंड पडलेल्या शरीरात यकृत औषध हळू मोडतं, हृदय मंदावतं, आणि 'भुलीतून उठलाच नाही' अशी नोंद वहीत होते. औषधाला दोष दिला जातो. खरा दोषी बहुतेक वेळा स्टीलचं टेबल असतं.

उपाय अगदी साधा आहे : पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत ऊब. सर्वांत चांगलं म्हणजे गुदद्वारात बारीक तापमापक ठेवून त्याच्या वाचनावर आपोआप कमी-जास्त होणारी गादी. ती नसेल तर कोमट पाणी फिरणारी गादी. बाजारात मिळणारा कंबर शेकायचा हीटिंग पॅड थेट वापरू नये. त्यावर काही जागा जास्त तापतात आणि बेशुद्ध प्राणी भाजला तरी हलत नाही. वापरायचाच झाला तर मध्ये कापडाचा थर आणि तापमापक हवाच.

एक गोष्ट मात्र इथे माणसापेक्षा सोपी. माऊस आणि रॅट यांना उलटी करताच येत नाही. त्यामुळे 'रात्रीपासून उपाशी ठेवा' हा दवाखान्यातला नियम इथे लागू नाही. उलट इतक्या लहान प्राण्याला उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरते आणि तो आधीच अशक्त होऊन टेबलावर येतो. तरीही काही जण सवयीने आदल्या रात्री खाणं काढून घेतात. पोटाच्या विशिष्ट शस्त्रक्रियांसाठी कारण असेल तर वेगळं, एरवी गरज नाही.

वायूची भूल : आयसोफ्लुरेन

आज बहुतेक ठिकाणी पहिली पसंती आयसोफ्लुरेनला. साहित्य असं : ऑक्सिजनचा सिलिंडर, फ्लो मीटर, व्हेपोरायझर, एक पारदर्शक डबा, आणि टेबलावर नाकाला लावायची छोटी टोपी. उंदराला डब्यात ठेवून ३ ते ५ टक्के वायू सोडतात. मिनिट-दोन मिनिटांत तो आडवा होतो. मग बाहेर काढून नाकावर टोपी आणि १.५ ते २ टक्क्यांवर शस्त्रक्रिया.

व्हेपोरायझर महाग असतो, म्हणून काचेच्या बरणीत आयसोफ्लुरेनचा बोळा टाकण्याचा जुना जुगाड अजूनही कुठे कुठे दिसतो. यात धोका काय ते आकड्यांत बघा. आयसोफ्लुरेनचा बाष्पदाब २० अंशांना साधारण २४० मिलिमीटर पारा आहे. वातावरणाचा दाब ७६०. म्हणजे बंद बरणीत हवेतलं प्रमाण वाढत वाढत ३० टक्क्यांच्या वर जाऊ शकतं. लागतात पाच टक्के, मिळतात तीस. मुंबईच्या मे महिन्यात त्याहूनही जास्त. व्हेपोरायझर नेमकं हेच करतो : त्या तीस टक्क्यांच्या संपृक्त बाष्पात इतका ऑक्सिजन मिसळतो की बाहेर आपण चकतीवर लावलेलं प्रमाण यावं. बरणीत हा लगाम कुणाच्याच हातात नसतो. बोळा द्रव थेट अंगाला लागला तर कातडीची आग होते ती वेगळीच.

आयसोफ्लुरेनची खुबी अशी की तो शरीरात जवळजवळ मोडतच नाही, फुप्फुसातून आला तसा बाहेर पडतो. त्यामुळे खोली मिनिटामिनिटाला बदलता येते आणि यकृतावर भार नाही. औषधांचा अभ्यास करणाऱ्यांना हे सोयीचं.

बाहेर पडलेला वायू मात्र खोलीत, म्हणजे आपल्याच नाकात येतो. दिवसाला तीस-चाळीस उंदीर करणाऱ्या विद्यार्थ्याचं डोकं संध्याकाळी दुखतं याचं कारण अनेकदा हेच. गोडसर वास आला तर गळती आहे असं धरून चालायचं. टाकाऊ वायू बाहेर ओढणारी नळी किंवा कोळशाचा डबा लावतात. कोळशाचा डबा किती भरला हे दिसत नाही, म्हणून तो वापरायच्या आधी वजन करून वर पेनाने लिहून ठेवायचं. नेहमीच्या डब्यांना ५० ग्रॅम वजन वाढलं की बदलायचे असतात.

सुईची भूल : केटामिन आणि झायलाझिन

व्हेपोरायझर नसेल, किंवा डोक्यावर काम असल्याने नाकाची टोपी आड येत असेल, तर इंजेक्शन. केटामिन आणि झायलाझिनची जोडी सगळ्यांत प्रसिद्ध. केटामिन जाणीव तोडतं पण स्नायू ताठ ठेवतं. झायलाझिन स्नायू सैल करतं आणि थोडं वेदनाशमनही देतं. माऊससाठी नेहमीचा डोस किलोमागे केटामिन ८० ते १०० मिलिग्रॅम आणि झायलाझिन ५ ते १० मिलिग्रॅम, पोटाच्या पोकळीत. सुई उजव्या खालच्या बाजूला टोचतात, कारण डावीकडे मोठ्या आतड्याची फुगीर पिशवी असते. शस्त्रक्रियेजोगी खोल भूल साधारण २० ते ४० मिनिटं टिकते.

हिशोब करून बघू. केटामिनची बाटली मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमची, झायलाझिनची २० मिलिग्रॅमची. २ मिलिलिटर केटामिन, ०.५ मिलिलिटर झायलाझिन आणि ७.५ मिलिलिटर निर्जंतुक सलाइन एकत्र केलं की १० मिलिलिटर मिश्रण झालं. त्याच्या दर मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम केटामिन आणि १ मिलिग्रॅम झायलाझिन. आता १० ग्रॅम वजनामागे ०.१ मिलिलिटर द्यायचं. २५ ग्रॅमच्या माऊसला ०.२५ मिलिलिटर, म्हणजे २.५ मिलिग्रॅम केटामिन आणि ०.२५ मिलिग्रॅम झायलाझिन. हा डोस मर्यादेच्या वरच्या टोकाचा आहे हे लक्षात ठेवा. सी-५७ ब्लॅक-६ आणि बाल्ब-सी अशा वेगवेगळ्या जातींना, नराला आणि मादीला, लठ्ठ उंदराला तो सारखा लागू पडत नाही. नवी जात आली की आपल्या पशुवैद्यकाला विचारून आधी दोन-तीन उंदरांवर अंदाज घेतात. आणि वजन त्याच दिवशी, त्याच उंदराचं करायचं. 'सगळे पंचविसाचेच आहेत' हा अंदाज १९ ग्रॅमच्या उंदराला महागात पडतो.

भूल मध्येच उतरू लागली तर? पुन्हा पूर्ण डोस द्यायचा नाही. फक्त केटामिनचा तिसरा हिस्सा ते अर्धा डोस द्यायचा. झायलाझिन पुन्हा द्यायचं नाही, कारण ते केटामिनपेक्षा जास्त वेळ टिकतं आणि हृदयाची गती व रक्तदाब खाली खेचतं.

झायलाझिनवर उतारा आहे : अटिपामेझोल. ते दिलं की उंदीर लवकर जागा होतो, ऊब परत येते, जीव वाचतो. पण झायलाझिनने दिलेलं वेदनाशमनही त्याच क्षणी जातं. म्हणून उतारा देण्याआधी वेदनाशामक शरीरात पोहोचलेलं असायला हवं.

या जोडीत उंदराचे डोळे सताड उघडे राहतात. माऊसचे डोळे तसेही बाहेर आलेले असतात. अर्ध्या तासात बुबुळ कोरडं पडून पांढुरकं होतं. भूल लागल्याबरोबर डोळ्यांत साधं वंगण मलम घालायचं, एवढंच. दोन पैशांचं काम आहे, तरी प्रयोगशाळेत नव्याने आलेला प्रत्येकजण पहिल्यांदा हेच विसरतो.

भारतात केटामिन शेड्यूल एक्समध्ये आहे. म्हणजे कुलूपबंद कपाट, वेगळी नोंदवही, शेवटच्या मिलिलिटरचा हिशोब.

जुन्या शोधनिबंधांत आणखी काही नावं भेटतील. ईथर : पेट घेतो आणि श्वासनलिकेची आग करतो. ईथर दिलेला मृत उंदीर साध्या फ्रिजमध्ये ठेवल्याने स्फोटही झाले आहेत. ट्रायब्रोमोइथेनॉल, ज्याला लॅबमध्ये अव्हर्टिन म्हणतात : उजेडात किंवा उबेत राहिलं की विघटन होऊन आम्ल तयार होतं आणि पोटातल्या अस्तराला सूज येते. 'आमच्याकडे पहिल्यापासून हेच वापरतात' हे ही औषधं चालू ठेवायला पुरेसं कारण नाही.

खरंच झोपला आहे का?

छेद घेण्याआधी मागच्या पायाचा पंजा चिमट्याने घट्ट दाबतात. पाय आखडला तर भूल पुरेशी नाही, थांबायचं. ही चाचणी एकदा करून भागत नाही, दर पाच-दहा मिनिटांनी करायची. जागा असताना मिनिटाला शंभराच्या वर असणारा श्वास भुलीखाली निम्म्यावर आला तरी ठीक. त्याहून खाली गेला, किंवा खोल आचके दिल्यासारखा झाला, तर भूल जास्त झाली. नाक, कान, पंजे गुलाबी दिसायला हवेत. निळसर झाले तर ऑक्सिजन. इंजेक्शनच्या भुलीतही नाकाशी ऑक्सिजन धरला तर फार फरक पडतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

वेदनाशामक छेदाच्या आधी

दुखायला लागल्यावर गोळी घ्यायची ही आपली सवय. शस्त्रक्रियेत याच्या उलट करतात. छेदाच्या आधीच औषध पोहोचलेलं असलं की पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी भडकत नाहीत. एकदा त्या भडकल्या की साधा स्पर्शही दुखतो आणि मग जास्त औषध लागतं. म्हणून भूल दिल्याबरोबर, किंवा त्याच्या अर्धा तास आधी, पहिलं इंजेक्शन.

साधारण तीन बाजूंनी हल्ला करतात. पहिलं, अफूवर्गातलं ब्युप्रेनॉर्फिन : माऊसला किलोमागे ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम, रॅटला ०.०१ ते ०.०५ मिलिग्रॅम, त्वचेखाली. दुसरं, सूज उतरवणारं मेलोक्सिकॅम : माऊसला किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत, रॅटला १ ते २, दिवसातून एकदा. (हे नाव ओळखीचं वाटत असेल तर गिधाडांमुळे. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली तेव्हा गिधाडांना न मारणारा पर्याय म्हणून हेच पुढे आलं.) तिसरं, छेदाच्या जागीच सुन्न करणारं लिग्नोकेन किंवा ब्युपिव्हाकेन.

तिसऱ्यात एक सापळा आहे. ब्युपिव्हाकेनचा डोस किलोमागे २ मिलिग्रॅम धरला, तर २५ ग्रॅमच्या माऊसला ०.०५ मिलिग्रॅम. बाटलीतलं ०.५ टक्क्यांचं द्रावण मिलिलिटरला ५ मिलिग्रॅमचं. म्हणजे द्यायचं ०.०१ मिलिलिटर, थेंबाचाही पाचवा हिस्सा. माणसाच्या सवयीने 'थोडंसं' टोचलं तर दहापट डोस सहज जातो आणि हृदय बंद पडतं. म्हणून आधी दहापट पातळ करायचं आणि मग ०.१ मिलिलिटर द्यायचं. ब्युप्रेनॉर्फिनचंही तसंच. त्याच्या ०.३ मिलिग्रॅमच्या अँप्यूलमधून सरळ उंदराचा डोस मोजताच येत नाही. माणसांसाठी बनलेली बाटली उंदरासाठी नेहमी पातळ करावी लागते.

रॅटमध्ये ब्युप्रेनॉर्फिनचा एक विचित्र दुष्परिणाम दिसतो. ते खाली अंथरलेला भुसा खायला लागतात. उलटी करता न येणाऱ्या प्राण्याची ही मळमळ असावी असं मानतात. डोस जास्त असेल तर हे वाढतं, म्हणून रॅटमध्ये हात आखडता ठेवतात.

उंदीर दुखणं लपवतो

मांजर आणि घुबड ज्याच्या मागावर असतात त्या प्राण्याला कण्हणं परवडत नाही. माणूस खोलीत आला की उंदीर सावध होऊन नेहमीसारखा फिरतो. त्यातून तो निशाचर, म्हणजे आपण दिवसा बघतो तेव्हा त्याची झोपेची वेळ. शिवाय त्याचे बरेचसे आवाज २० किलोहर्ट्झच्या वर, आपल्या कानाला ऐकूच न येणारे. रॅट त्रासात असताना साधारण २२ किलोहर्ट्झला ओरडतो. त्यामुळे 'ओरडला नाही, म्हणजे दुखत नाही' हे वाक्य प्रयोगशाळेत चालत नाही.

२०१० मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या जेफ्री मोगिल यांच्या गटाने चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी मांडली. माऊसचा डोळा किती मिटला, नाकाचा फुगवटा, गालाचा फुगवटा, कान मागे गेले का, मिशा कशा वळल्या : पाच खुणा, प्रत्येकीला ०, १ किंवा २. पुढच्या वर्षी रॅटसाठी चार खुणांची पट्टी आली. शिकायला वेळ लागत नाही. मात्र आयसोफ्लुरेनमधून नुकत्याच उठलेल्या उंदराचा चेहरा न दुखताही आंबटलेला दिसतो, म्हणून पहिल्या अर्ध्या-एक तासातले गुण धरू नयेत.

याच गटाने २०१४ मध्ये आणखी एक गंमत दाखवली. खोलीत पुरुष असेल, किंवा पुरुषाने घातलेला टी-शर्ट नुसता ठेवला असेल, तरी उंदीर कमी वेदना दाखवतात. पुरुषी गंधाने ताण येतो आणि त्या ताणाने वेदना दबते. म्हणजे गुण कोण देतंय तेही वहीत लिहायला हवं!

चेहऱ्याइतकीच उपयोगी खूण म्हणजे घरटं. पिंजऱ्यात कागदाचा किंवा कापसाचा ताजा तुकडा टाका. बरा असलेला माऊस तो ओढून घरट्यात नेतो. दुखणाऱ्याला त्यात रस नसतो. याला खर्च नाही, आणि मुख्य म्हणजे उंदराला हात लावावा लागत नाही. रोजचं वजन तर हवंच. दहा टक्के घट म्हणजे लगेच लक्ष, वीस टक्के घट हा अनेक ठिकाणी प्रयोग थांबवून प्राण्याला वेदनारहित मृत्यू देण्याचा टप्पा मानतात.

रात्रीचं काय?

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न हाच. ब्युप्रेनॉर्फिनचा परिणाम उंदरात जेमतेम सहा-आठ तास टिकतो, माऊसमध्ये कधी त्याहूनही कमी. शस्त्रक्रिया दुपारी तीनला झाली, शेवटचं इंजेक्शन सहाला दिलं आणि प्राणिगृहाला कुलूप लागलं. सकाळी साडेनऊला पुन्हा कुणी येईपर्यंत साडेपंधरा तास गेले. पहिल्या रात्रीचा, सगळ्यांत जास्त दुखण्याचा काळ त्यातला निम्म्याहून जास्त औषधाविना. फॉर्मवर मात्र 'दिवसातून दोनदा' असं नीट लिहिलेलं असतं.

मार्ग आहेत. शस्त्रक्रिया सकाळी घ्यायची आणि शुक्रवारी घ्यायचीच नाही. चोवीस तास टिकणारं मेलोक्सिकॅम जोडीला द्यायचं, म्हणजे रात्र अगदीच उघडी पडत नाही. रात्री दहा-अकराला एक फेरी पाळीने लावायची. परदेशात ब्युप्रेनॉर्फिनची हळूहळू सुटणारी रूपं मिळतात, एका इंजेक्शनात दोन-तीन दिवस भागतं. काही ठिकाणी औषध गोड चॉकलेट-पेस्टमध्ये कालवून देतात आणि उंदीर ते आपणहून खातो. पण नवा पदार्थ उंदीर लगेच खात नाही, म्हणून आधी दोन-तीन दिवस नुसत्या पेस्टची सवय लावावी लागते. पिण्याच्या पाण्यात औषध मिसळणं ऐकायला सोपं वाटतं, पण दुखणारा उंदीर पाणीच कमी पितो. ज्याला औषध सर्वांत जास्त हवं त्यालाच सर्वांत कमी मिळतं.

भुलीतून उठतानाचा पिंजराही वेगळा हवा. खाली भुसा नको, नाकातोंडात जातो. टिश्यू पेपर पसरायचा. पिंजऱ्याचा अर्धा भाग गादीवर, अर्धा बाहेर, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल. जाग्या उंदरांमध्ये बेशुद्ध उंदीर ठेवायचा नाही, ते त्याला कुरतडतात. पूर्ण शुद्धीवर आला की मात्र ओळखीच्या सोबत्यांकडे परत. आणि खाणं वरच्या जाळीत न ठेवता पाण्यात भिजवून जमिनीवर, कारण पाठीला क्लिपा असताना मागच्या पायांवर उभं राहून कोण खाईल?

पण औषधांनी निष्कर्ष बिघडणार नाहीत?

वेदनाशामक टाळणाऱ्यांचं हे नेहमीचं कारण, आणि ते पूर्ण खोटं नाही. झायलाझिन इन्सुलिनचं स्रवणं दाबतं आणि साखर वाढवतं, म्हणून मधुमेहाच्या प्रयोगात ते अडचणीचं. आयसोफ्लुरेनचा डोस आधी मिळालेलं हृदय रक्तपुरवठा तुटल्यावर कमी नुकसान सोसतं, म्हणून हृदयविकाराच्या प्रयोगात ते हिशोबात धरावं लागतं. मेलोक्सिकॅमच्या वर्गातली औषधं हाड सांधण्यासाठी लागणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनवर काम करतात, त्यामुळे फ्रॅक्चर भरण्याचा अभ्यास असेल तर तिथे ब्युप्रेनॉर्फिनवर भर देतात.

पण वेदना हीसुद्धा एक 'औषध'च आहे, आणि तिचा डोस कुणी मोजत नाही. तिने कॉर्टिकोस्टेरॉन वाढतं, भूक मरते, प्रतिकारशक्ती बदलते. १९९३ मध्ये गेल पेज, शमगर बेन-एलियाहू आणि सहकाऱ्यांनी 'पेन' या नियतकालिकात रॅटवरचा प्रयोग छापला. शस्त्रक्रियेनंतर कर्करोगाच्या पेशी फुप्फुसात जास्त रुजत होत्या. मॉर्फिन दिलेल्या रॅटमध्ये ही वाढ कमी झाली. म्हणजे कर्करोगाचं औषध तपासताना वेदनाशामक गाळलं, तर आपण औषध तपासतोय की वेदना, हेच सांगता येणार नाही.

म्हणून औषध वगळत नाहीत, दोन्ही गटांना सारखं देतात. आपल्या अंडाशयाच्या उदाहरणात तुलनेचा गट म्हणजे ज्यांना छेद दिला, अंडाशय बाहेर काढून बघितले आणि तसेच परत ठेवले ते उंदीर. त्यांनाही तीच भूल, तीच ऊब, तेच ब्युप्रेनॉर्फिन, त्याच वेळी. मग जो फरक उरतो तो इस्ट्रोजेनचा.

भारतातला कायदा

प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० च्या कलम १७ मध्ये म्हटलं आहे की शस्त्रक्रियेचे प्रयोग शक्य तिथे वेदना जाणवणार नाही इतक्या प्रभावी भुलीखाली व्हावेत, आणि शुद्धीवर आल्यास गंभीर यातना होतील असा जखमी प्राणी सामान्यतः बेशुद्धीतच मारला जावा. १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेची नोंदणी आणि संस्थेची प्राणी नीतिसमिती लागते. वर केंद्रीय समिती आहे. तिला अनेक वर्षं सीपीसीएसईए म्हणत, आता नाव सीसीएसईए झालं आहे. खारघरचं ॲक्ट्रेक असो की पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, उंदरावर चाकू चालवण्याआधी प्रस्ताव या समितीपुढून जातो. त्यात भुलीचं औषध, डोस, मार्ग आणि नंतरची काळजी लिहावी लागते. स्नायू लुळे करणारं औषध भुलीशिवाय एकटं वापरता येत नाही, कारण त्याने प्राणी हलत नाही पण त्याला सगळं जाणवतं.

प्रस्ताव लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. 'योग्य वेदनाशामक दिलं जाईल' हे वाक्य लिहू नका. औषध, किलोमागे मिलिग्रॅम, पातळ केल्यावरची तीव्रता, पहिली वेळ, पुढच्या वेळा, रात्री कोण देणार त्याची जबाबदारी, आणि कोणत्या खुणेवर जादा डोस, हे सगळं लिहा. शोधनिबंधातही हेच छापायचं असतं. २०१० ची आणि २०२० मध्ये सुधारलेली अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वं तेच मागतात. पॉल फ्लेकनेल यांचं प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या भुलीवरचं पुस्तक १९८७ पासून आवृत्त्या बदलत आलं आहे. डोसांचे तक्ते त्यातून घेतात, पण ताज्या आवृत्तीतून, कारण माऊसच्या वेदनाशामकांचे आकडे मधल्या काळात वर सरकले आहेत.

कातडीच्या क्लिपा सातव्या ते दहाव्या दिवशी काढतात. त्यालाही आयसोफ्लुरेनची मिनिटभराची भूल पुरते.